घरपोच नर्सिंग सेवा: सिस्टरना पैकीच्या पैकी, ऑफिस काठावर पास

माझे सासरे ८४ वर्षांचे. प्रोस्टेटमुळे लघवी अडली आणि हॉस्पिटलमधून कॅथेटरसकट (लघवी बाहेर काढायला मूत्राशयात बसवलेली नळी) घरी आले, म्हणून ही सेवा लावली.

सिस्टरनी आल्या आल्या लघवीची पिशवी कुठे टांगली आहे ते पाहिलं. आम्ही ती पलंगाच्या वर-खाली होणाऱ्या कठड्याला अडकवली होती. त्यांनी ती खालच्या पट्टीला लावली: मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. नळी मांडीला चिकटपट्टीने, थोडी सैल ठेवून बसवली. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुणं, पिशवीच्या तोटीचा भांड्याला स्पर्श होऊ न देणं आणि नळी-पिशवीचा जोड उगाच न उघडणं, हे सगळं आमच्याकडून करून घेतलं. दीर म्हणाले, "खबरदारी म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू या का?" त्यावर स्पष्ट नकार. नळी बरेच दिवस असली की लघवीत जंतू सापडतातच. त्रास नसताना औषध दिलं तर गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरही तेच म्हणाले.

खरी परीक्षा पुढे झाली. एका सकाळी बाबांनी पेपर उलटा धरला होता आणि मला ते नणंदेच्या नावाने हाक मारत होते. थर्मामीटरवर ताप नाही, त्यामुळे घरातले सगळे निर्धास्त. सिस्टरनी पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, बीपी पाहिलं, पिशवीत रात्रभरात किती लघवी जमली ते विचारलं. श्वास भराभर चाललेले, बीपी नेहमीपेक्षा बरंच खाली. "या वयात ताप येईलच असं नाही, कधी अंग उलट गार पडतं. थांबू नका, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर सेप्सिस आहे का, असं थेट विचारा." (सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयवच धोक्यात येणं.) ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला, म्हणजे लघवीतला संसर्ग रक्तात पोचला होता. शिरेतून औषधं वेळेत सुरू झाली म्हणून बाबा सावरले.

नंतरही "नळी अजून हवीच आहे का, डॉक्टरांना विचारलंत?" हा त्यांचा प्रश्न दर भेटीत ठरलेला. शेवटी ती निघाली. एवढ्या एका प्रश्नासाठीसुद्धा मी ही सेवा सुचवेन.

आता तक्रार. सिस्टरच्या सुट्टीत जी मुलगी पाठवली, तिने जोड सोडून पिशवी बेसिनखाली धुतली आणि परत लावली! ऑफिसला फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, आमचा सगळा स्टाफ ट्रेंड आहे." आधीच्या नोंदी तिला कोणी दाखवल्याच नव्हत्या. नळीचा पेशंट असेल तर बदलीवर कोण येणार आणि तिने कॅथेटर हाताळलाय का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. आम्ही त्यानंतर सुट्टीच्या दिवशी कोणाला बोलावलंच नाही, पिशवीचं घरीच पाहिलं.