सिंट मार्टन ते साबा: विनएअरची छोटी विमानसेवा

कॅरिबियन समुद्रातील साबा या डच बेटावर उतरण्याचा अनुभव घ्यायचा असेल, तर सिंट मार्टनच्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावरून सुटणारे विनएअरचे विमान मी निःसंकोचपणे सुचवेन. प्रवास जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे, परंतु त्या पंधरा मिनिटांसाठी दूरवरून यावे, असे मला मनापासून वाटते.

या मार्गावर १९ आसनी ट्विन ऑटर विमान वापरले जाते. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचा समुद्र अडथळ्याविना दिसतो. कमी अंतरात उतरण्यासाठीच या विमानाची रचना झालेली आहे आणि साबाला त्याची नितांत गरज आहे, कारण १९६३ साली सुरू झालेल्या तेथील विमानतळाची धावपट्टी अवघी ४०० मीटर असून तिच्या दोन्ही टोकांना कडा थेट समुद्रात कोसळतो. एका बाजूला डोंगर इतका जवळ येतो की आपण त्याच्यावरच जाऊन आदळणार असे क्षणभर वाटते; तेवढ्यात वैमानिक विमान वळवतो, चाके टेकतात आणि पंख्यांची पाती उलट्या कोनात फिरून विमानाचा वेग झपाट्याने उतरतो. येथे उतरण्यासाठी वैमानिकांना विशेष प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्या प्रशिक्षणाचे मोल प्रवाशाला आसनावर बसल्या बसल्या कळते.

आवाज भरपूर असतो, म्हणून कानांत घालायला बोळे न्यावेत. वारा जोराचा असल्यास उड्डाण लांबू शकते. त्यामुळे परतीच्या दिवशीच पुढचे मोठे विमान गाठण्याचा बेत आखू नये.