सेकंड लाइफमध्ये उभा केलेला रावपुऱ्याचा वाडा: सात महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बडोद्यात दांडिया बझारमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. दिवस संपता संपेना. भाच्यानं लॅपटॉपवर सेकंड लाइफ सुरू करून दिलं. २००३ सालापासून चालू असलेलं हे आभासी जग. इथे हरणं-जिंकणं नाही, आणि दिसतं ते बहुतेक वापरणाऱ्यांनीच बांधलेलं. मग मी माहेर बांधायला घेतलं. रावपुऱ्यातला आमचा वाडा पाडून तिथे आता दुकानं झाली आहेत.

प्रिम नावाचे ठोकळे ताणायचे, कापायचे, पोकळ करायचे, एकमेकांना जोडायचे. हात बसायला महिना गेला. 'प्रीमियम' या सशुल्क सभासदाला १०२४ चौरस मीटर जागा वेगळं भाडं न देता मिळते, पण तिच्यावर किती वस्तू मावतील याचा हिशेब असतो: ३५१. माझ्या गजांच्या खिडक्यांनीच त्यातला मोठा वाटा खाल्ला. मग एका फळीवर गजांचं चित्र लावून मधला भाग पारदर्शक ठेवला आणि एका ठोकळ्यात खिडकी झाली! चित्र चढवायला १० लिंडेन डॉलर पडतात. हे तिथलं चलन, खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं. ओसरीवरचा झोपाळा हलावा म्हणून भाच्यानं स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून दिली. त्या दिवशी मी रडले.

कॅलिफोर्नियातला दादा रविवारी या वाड्यात येतो. त्याचे संध्याकाळचे सात, माझे सकाळचे साडेसात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठ होतील. फोनवर आम्ही तब्येत विचारतो आणि ठेवतो. इथे ओसरीवर बसून तासभर बोलतो. एवढ्यासाठी तरी मी हे जग कोणालाही सुचवीन.

आता त्रासाचं. तिथे मी जिने धावत चढत होते आणि इथे खुर्चीतून उठत नव्हते. एप्रिलमध्ये व्यायाम इतके बुडाले की गुडघा पुरता वाकेना. फिजिओथेरपिस्ट बाई रागावल्या, ते बरोबरच होतं. यांचा सकाळचा चहा कित्येक दिवस एकट्यानं झाला, त्याची मला अजून रुखरुख आहे. आता चाळीस मिनिटांचा गजर लावते.

घर विकत घेतलं असं मात्र मनात आणू नका. सभासदत्व संपलं की जागा जाते, बांधलेल्या वस्तू आपल्या सामानाच्या यादीत परत येतात. भिंती हाती राहतात, अंगण नाही. गोड बोलून पैसे मागणारा एक अनोळखी मला भेटला. दिले नाहीत, पण आठवडाभर मन खट्टू होतं. जागांना सर्वसाधारण, मध्यम आणि प्रौढ अशा तीन श्रेणी असतात. घरातली मुलं बसणार असतील तर शेजारी बसा. आणि लॅपटॉपला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर गर्दीच्या जागी पाऊल उचलत नसे.

शेणानं सारवलेल्या अंगणाचा वास इथे येणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही दर वेळी दिंडी दरवाजातून आत शिरताना मी तो शोधते.

गेल्या रविवारी दादा म्हणाला, "ताई, तुळशीवृंदावन विहिरीच्या बाजूला होतं गं, तू उलटीकडे घेतलंस." मला तसं आठवत नाही. आत्याकडे अण्णांच्या मुंजीचा अंगणातला फोटो आहे. भाऊबीजेला दादा येतोय, तेव्हा दोघं जाऊन बघू. तोवर वृंदावन हलवलेलं नाही.