मागून ठोकलेली गाडी : दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझी गाडी मागून ठोकली गेली. दुरुस्त होऊन आली तेव्हाच लिहिणार होतो, पण थांबलो ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर 'काम झकास झालं' एवढंच लिहिलं असतं. त्यानंतर गाडी सतराएक हजार किलोमीटर चालली, मे महिन्याचं ऊन खाल्लं आणि जूनचा पहिला पाऊसही पाहिला. खरी गंमत पावसातच कळली, पण ती पुढे सांगतो.

माझा धंदा ठिबकच्या फिटिंगचा. जळगावहून धरणगाव, एरंडोल, पारोळा असं आठवड्यातून चार दिवस फिरणं. गाडी ऑक्टोबर २०२१ ची, कंपनीच्या सीएनजीची, रंग सिल्व्हर. त्या दिवशी एरंडोलकडून परत येत होतो. पाळधीच्या अलीकडे महामार्गावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक मारला, गाडी थांबली, शेळ्याही निम्म्या पलीकडे गेल्या, आणि मागून धाडकन. कापसाने टम्म भरलेली पिकअप होती. मागच्या गाडीने अंतर ठेवायचं असतं हे नियमात आहे, पण पंधरा-वीस क्विंटल कापूस लादलेल्या पिकअपला ते कोण सांगणार.

पोरगा विशीतला. उतरला तोच हात जोडून. "भाऊ, ब्रेकच नही लागनात ना!" रस्त्याकडेच्या शेतातले एक बाबा पळत आले, त्यांनी आधी विचारलं, "कोनले लागनं तं नही ना?" लागलं नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

पहिली भीती टाकीची. सीएनजीची टाकी डिक्कीत, तिचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह तिथेच, आणि डिक्की उघडेना. झाकण आत दबून लॉकवर बसलं होतं. गाडी बंद केली, चावी काढली, चारी दारं उघडली, मागच्या सीटची पाठ पाडली आणि पोटावर झोपून हात घातला. वास नव्हता. तरी व्हॉल्व्ह बंद केला. सीएनजी गाडी असेल त्यांनी आज घरी गेल्यावर एकदा हे करून बघा, आपला हात तिथवर पोचतो का. माझा जेमतेम पोचला.

तोवर आठ-दहा माणसं जमली होती आणि मांडवली सुरू झाली. पोरगा म्हणे, "पोलिसमा नका जावा भाऊ, मी पैसा देसू ना." तीन हजारांवरून बोली पाच हजारांवर गेली. बाहेरून दिसत होतं ते एवढंच : बंपर फाटलेला, डावीकडचा दिवा फुटलेला, डिक्की दबलेली. मलाही वाटलं, बंपर आणि दिवा, पाच हजारांत बसेल, घ्यावेत आणि निघावं. घेतले नाहीत, कारण डिक्की उघडत नव्हती. त्यामागे शहाणपण नव्हतं, नुसती शंका होती. आज मी हाच एक सल्ला देतो : मागून ठोकलेल्या गाडीचा बंपर उतरवल्याशिवाय कोणत्याही आकड्याला हो म्हणू नका. बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिकचं कातडं. धडक बसली की ते आत जातं आणि पुन्हा फुगून मूळ जागी येतं. मागचा पत्रा मात्र चेपला तसाच राहतो.

दोन्ही गाड्या जागेवर असतानाच फोटो काढले, सहा. त्यातला एकच कामाला आला : लांबून काढलेला, ज्यात दोन्ही नंबर प्लेट, रस्ता आणि शेळ्यांचं शेपूट एकत्र दिसतं. जवळून काढलेले बंपरचे फोटो कुणी बघितलेही नाहीत. तिथूनच विमा कंपनीला फोन लावून दाव्याचा नंबर घेतला, आणि पोलिसांत स्टेशन डायरीला नोंद केली. पोराच्या लायसन्सचा आणि पिकअपच्या कागदांचा फोटो घेऊन त्याला जाऊ दिलं.

गाडी ज्या गॅरेजात नेली त्यांनी बाहेरून बघून एस्टिमेट दिलं २१,००० रुपयांचं. पन्नास हजारांच्या खालच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासून आकडा ठरवणारा माणूस, लागतोच असं नाही, म्हणून कंपनीने मोबाइलवर व्हिडिओ मागवला आणि काम मंजूर करायची तयारी दाखवली. गॅरेजवालेही खूश. मी म्हटलं, आधी बंपर खोला, त्याचे फोटो पाठवा, मगच मंजुरी घ्या. मालक जरा नाराज झाला. डेंटरने मात्र पान्याने चार बोल्ट काढले, क्लिपा उपटल्या, बंपर बाजूला ठेवला आणि नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. आतली लोखंडी पट्टी मधोमध धनुष्यासारखी वाकलेली, मागचा पत्रा दोन बोटं आत, आणि डिक्कीच्या कडेला वेल्डिंगचा जोड तडकलेला. एकवीसचे बावन्न हजार आठशे झाले. मग सर्व्हेयर स्वतः आला, मोजमाप घेतलं, डिक्कीचं झाकण ठोकून न घेता बदलायला सांगितलं. माणूस कमी बोलणारा, पण कामाचा पक्का. खोललेली गाडी त्याने पाहिली नसती तर वरचे एकतीस हजार पुन्हा मंजूर करून घेताना नाकी नऊ आले असते.

आता पैशाचं. झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाले म्हणून दाव्यातून होणारी कपात (घसारा) टाळणारं जादा कव्हर, मी आधीच्या नूतनीकरणात काढून टाकलं होतं, २,४०० रुपये वाचवायला. त्याची किंमत अशी पडली. प्लास्टिकचे पार्ट, म्हणजे बंपर, मागचा दिवा आणि आतला फोम, ८,८०० चे. त्यावर घसारा सरळ ५० टक्के, गेले ४,४००. पत्र्याचे पार्ट २२,००० चे. लोखंडावरचा घसारा गाडीच्या वयावर असतो : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५. माझ्या गाडीला तीन वर्षं पूर्ण होऊन महिनाच झाला होता. त्या शेळ्या महिनाभर आधी रस्त्यात आल्या असत्या तर २,२०० वाचले असते! गेले ५,५००. पेंटिंग १२,०००, त्यातला पाव हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, गेले १,५००. मजुरीवर घसारा नाही. काचेवरही नाही, पण माझी काच शाबूत राहिली, म्हणजे तिथे फायदाही नाही. वर सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातली मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, १,००० आणि सीलंट, नट-बोल्ट असल्या किरकोळ मालाचे ८००. माझ्या खिशातून एकूण १३,२००, कंपनीने दिले ३९,६००. झिरो डेप असतं तर माझे १,८०० गेले असते.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न लावल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तोही गेला. ३५ टक्के चालू होता, येत्या ऑक्टोबरला ४५ झाला असता, आता पुन्हा शून्यापासून. तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर मिळतो, त्यामुळे माझ्या हिशेबाने पहिल्याच वर्षी तीनेक हजारांचा फटका. म्हणून काम सात-आठ हजारांत होत असेल तर दावा लावू नये, या मताचा मी आहे. त्याच्या वर गेलं की खुशाल लावावा.

सगळे विचारतात, चूक त्याची, मग त्याच्या विम्यातून का नाही घेतले? घेता येतात. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण ते पैसे विमा कंपनीच्या खिडकीवर मिळत नाहीत, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. वकील, तारखा, पोलिसांचे कागद. तेरा हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला मला सवड नव्हती. दुसरा ठरलेला प्रश्न, एअरबॅग का नाही उघडल्या? अहो, पुढच्या एअरबॅग पुढच्या धडकेसाठी असतात. मागून ठोकल्यावर आपल्याला वाचवते ती सीटची पाठ आणि वरची उशी. ती उशी मी कायम खाली दाबून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी मान अशी आखडली की आरशात बघायला अख्खं अंग वळवावं लागे. दहा दिवस पट्टा होता. आता उशी डोक्याच्या उंचीला असते.

टाकीवर गॅरेजात वाद झाला. "टाकीला काय होतंय, लोखंडाची आहे," असं मालकाचं म्हणणं. पण टाकी बांधणारा पट्टा एका बाजूला बोटभर सरकला होता आणि जुनी खूण उघडी पडली होती. या टाक्यांची दर ३ वर्षांनी चाचणी करावी लागते, माझी तशीही तारखेला आलेली. उतरवून तपासून घेतली, पट्टा नवा टाकला. हे २,२०० सर्व्हेयरने दाव्यात धरले नाहीत. खिशातून गेले, तरी मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता नऊ महिन्यांचा अनुभव. गाडी सरळ चालते, टायर सारखे झिजतात, त्याबद्दल तक्रार नाही. रंगाबद्दल आहे. गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली सिल्व्हर तंतोतंत जुळला होता. मेमध्ये भुसावळला भर दुपारी गाडी उभी केली आणि चहा घेताना लांबून पाहिलं : बंपर पिवळसर, झाकण निळसर, बाजूचा जुना पत्रा तिसराच. सिल्व्हरमध्ये दाणा असतो, तो उन्हातच कळतो. गाडी ताब्यात घ्यायला दुपारी बारा वाजता जा आणि रस्त्यावर उभी करून बघा.

आणि पाऊस. जूनमध्ये गाडीत कुबट वास यायला लागला. मॅट उचलली तर डिक्कीच्या खळग्यात दोन लोटे पाणी. गॅरेजवाला म्हणाला, काचेच्या रबरातून येत असेल. मला पटलं नाही. रविवारी भाच्याला बॅटरी देऊन मागच्या सीटवर आडवं केलं, टाकीच्या कडेने वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि बाहेरून नळीने पाणी सोडलं, आधी फक्त खाली बंपरवर, मग हळूहळू वर. बंपरवर काही नाही. डाव्या दिव्यापाशी नळी नेली तसा भाचा ओरडला, "मामा, इथला कागद भिजतोय!" नव्या दिव्यामागचं फोमचं वॉशर दुमडून बसवलेलं होतं, आणि त्याच्या खालीच नव्या पत्र्याच्या जोडावर सीलंट दोन इंच सुटलेलं. हा कागद घेऊन गेलो तेव्हा मालक काही बोलला नाही, फुकट करून दिलं. पण तोवर खळग्यात गंजाचा एक ठिपका आला होता. तो घासून प्रायमर मारला आहे. दर पावसानंतर मॅट उचलून बघतो, अजून तरी कोरडं आहे.

झाकण लावताना पूर्वी 'धप्प' असा भरीव आवाज यायचा, आता 'टण्ण' येतो. दोनदा लॉक सरकवून पाहिलं, फरक पडला नाही, मी नाद सोडला. बंपरची डावीकडची एक क्लिप उन्हात ढिली झाली आहे. पंपावर गॅस भरताना उतरायचं असतंच, तेवढ्यात अंगठ्याने ती आत दाबतो. दुसऱ्या पंपापर्यंत ती पुन्हा बाहेर आलेली असते.