१९७३ सालचा ट्रेलर घेऊन अमेरिका आरपार: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरून आम्ही हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर, आणला. १३ फुटी, फायबरग्लासचा, अंड्यासारखा गोल. किंमत ४,२०० डॉलर. या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आणि परत, ४१ दिवसांत जवळजवळ ६,९०० मैल तो आमच्या गाडीमागे आला. मुक्कामाला त्यात आम्ही चौघं: नवरा, मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. जुना ट्रेलर घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर मी रस्त्याचं नंतर सांगेन, आधी एक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसाचं, सांगेन.

या जातीच्या ट्रेलरला पाटे किंवा स्प्रिंग नसतात. लोखंडी नळीत रबराच्या कांड्या असतात आणि त्या पिळल्या जाऊन धक्का झेलतात. वीस-तीस वर्षांत ते रबर कडक होतं आणि मग प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. रिकाम्या ट्रेलरचं चाक जॅकवर उचला आणि एक्सलपासून चाकाकडे जाणारा दांडा बघा. तो खाली झुकलेला हवा. आमचा वर गेला होता. टायरवरची नक्षी मात्र नव्यासारखी होती, विकणाऱ्यानेही ‘टायर बघायचं कारणच नाही’ असं सांगितलं होतं. मी टॉर्च घेऊन टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचले: २३११. म्हणजे २०११ सालातला २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात. पाच-सहा वर्षांनी नक्षी कितीही चांगली असली तरी बदलायचे. इलेक्ट्रिक ब्रेकसह नवा एक्सल, दोन टायर आणि बेअरिंग मिळून ११५० डॉलर गेले. पडदे आणि गाद्या त्यानंतर.

थंडीचे तीन महिने खिडक्यांत गेले. आधीच्या मालकाने गळती थांबवायला सगळीकडे सिलिकॉन फासलं होतं. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने ते इंच-इंच खरवडून काढलं, चौकटी सोडवल्या आणि ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवल्या. स्क्रू आवळत गेलं की करंजीच्या फटीतून सारण डोकवावं तसा करडा टेप कडेने बाहेर येतो. चारी बाजूंनी सारखा आला की समजायचं, खिडकी बसली. आयोवात दोन तास धो धो पाऊस झाला, तेव्हा मी रात्री उठून प्रत्येक कोपऱ्याला हात लावून पाहिला. कोरडा! त्या रात्री मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर जुना ठेवूच नका. बदलल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पुन्हा आवळा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रंही त्याच दिवशी लावून टाका.

आमची खरी चूक वजनात झाली आणि ती पहिल्याच दिवशी कळली. तांदूळ, कणीक, डाळी आणि सात गॅलन पाण्याचा कॅन मी मागच्या बाकाखाली रचला होता. आय-८० महामार्गावर एका उतारावर, ताशी ६२ मैल वेग असताना, ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागला. गाडीत कुणी बोलेना. नवऱ्याने गाडीचा ब्रेक दाबला नाही, तेवढं त्याला माहीत होतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. हळूहळू झोके थांबले. पुढच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर वजन केलं. ट्रेलर भरून १,६४० पौंड. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागी, त्यातलं दहा ते पंधरा टक्के यायला हवं. घरून आणलेला बाथरूममधला वजनकाटा पुढच्या जॅकखाली ठेवला तर आकडा आला ११५, म्हणजे सात टक्के. सामान पुढे हलवलं, २०५ झालं. परत येईपर्यंत ट्रेलर पुन्हा कधी झुलला नाही. वजनकाटा घेतल्याशिवाय निघू नका.

आखणीबद्दल. इथले ट्रेलरवाले सांगतात: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि जमेल तिथे तीन रात्री. आम्ही सुरुवातीला ४५० मैलांचे दिवस लावले होते. संध्याकाळी सातला पोहोचून ट्रेलर समतल करणं, वीज जोडणं, मग स्वयंपाक. तिसऱ्या दिवशी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, आपण बघायला निघालोय की पोहोचायला?’’ त्याच रात्री बसून आम्ही पुढचा सगळा बेत बदलला, दोन ठिकाणं गाळली. त्यानंतरची सहल खरी सहल.

नकाशावर जवळचा दिसणारा रस्ता ट्रेलरला जवळचा असतोच असं नाही. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगर ओलांडायला यूएस-१४ए वर दहा टक्क्यांचा उतार लागतो, म्हणून आम्ही यूएस-१६ घेतला. परतताना लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधला आय-८० वाऱ्यासाठी बदनाम आहे. वारा पडेपर्यंत अख्खा दिवस थांबलो आणि पहाटे निघालो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना मर्यादा ५५ मैलांचीच आहे, त्याचा हिशोब वेळेत धरा.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर अस्वलांमुळे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींचीच वाहनं चालतात. आमचं अंडं चाललं. ती जागा साडेसात हजार फुटांच्या वर आहे, तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं आणि उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. सासूबाईंनी हट्टाने आणलेला तीन लिटरचा कुकर तिथे कामी आला, नेहमीपेक्षा तीन शिट्ट्या जास्त. बाहेर बोचरी थंडी, आत चौघं गुडघ्याला गुडघा लावून वरणभात-मेतकूट खातोय आणि खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या. मुलगा त्यावर बोटाने बायसन काढत होता.

आता त्रास. एसी नाही. साउथ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये पारा १०० फॅरनहाइटच्या वर गेला तेव्हा छतावरचा पंखा पुरला नाही आणि सासूबाईंसाठी दोन रात्री मोटेल घ्यावं लागलं. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवा. संडास नाही, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन चालत जावं लागतं. गाडीचं ॲव्हरेज गॅलनला २४ वरून १६ मैलांवर आलं. चौघांना जागा पुरते, पण एक जण उभा राहिला की बाकीच्यांनी बसायचं. ज्यांना रोज संध्याकाळी आपापला कोपरा हवा असतो त्यांनी मोठा, नवा ट्रेलर भाड्याने घ्यावा, हे मी मनापासून सांगते.

पुढच्या आठवड्यात चाकं उतरवून बेअरिंग धुणार आहे, नवं ग्रीस भरायचंय. दरवर्षी करायचं काम आहे. मुलाने या वेळी स्वतः करू द्यायला सांगितलंय.