अकरा महिने, ४१,००० किलोमीटर: माळशेज उतरणाऱ्या पिकअपचे ब्रेक आणि स्टेअरिंग

गेल्या दिवाळी पाडव्याला पिकअप घेतली. ओतूर भागातून कल्याण मार्केटला माल नेतो, उन्हाळ्यापासून टोमॅटो, एरवी कांदा-कोथिंबीर. आठवड्याला चार फेऱ्या. म्हणजे माळशेज घाट ही गाडी भरून उतरते आणि रिकामी चढते. इंजिन दणकट आहे, क्लच पहिलाच चालू आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लिहायला बसलोय ते ब्रेक आणि स्टेअरिंगसाठी, कारण याच कामाला गाडी घेणारे आपल्या भागात पुष्कळ आहेत.

जुलैतली गोष्ट. पहाटेचं धुकं, पाऊस, हौद्यात ८० क्रेट. अर्धा घाट उतरलो असेन, जळका वास यायला लागला. वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. गाडी तिसऱ्यात होती, दुसऱ्यात आणि मग पहिल्यात टाकली, पेडल भराभर मारत राहिलो, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि डोंगराकडच्या गटारीत चाक घालून थांबलो. खाली उतरून पाहिलं तर पुढच्या चाकांतून वाफ निघत होती, पावसाचे थेंब डिस्कवर चर्र करत होते. मागच्या ड्रमला हात लावला तर जेमतेम कोमट.

ते कोमट ड्रम तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवे होते.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. पुढचे पॅड संपले होते, दुसऱ्यांदा. पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवं घातलं, हवा काढली आणि सांगितलं, घाटात ब्रेक कमी वापरा. जॉब कार्डवर लिहिलं, ‘ब्रेक तपासले, ठीक’. मी खरंच गिअरवर उतरत होतो, पण त्यांच्या लेखी चूक ड्रायव्हरचीच.

शेवटी आळेफाट्याला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा मागची चाकं काढली. २९,००० किलोमीटर झालेल्या गाडीचे मागच्या ड्रममधले ब्रेक लायनर जवळजवळ नवे! बोट फिरवून मला दाखवले आणि विचारलं, “स्प्रिंगचा पाटा कुणी वाढवला?” गाडी ताब्यात घेताना विक्रेत्यानेच सुचवलं होतं, मालाची गाडी आहे, मागे एक पाटा जास्त टाकून घ्या. मीही हो म्हटलं होतं.

घोळ तिथेच होता. मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला छोटी दांडी जाते, मिस्त्री लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी मोकळी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत. जास्तीचा पाटा टाकल्यावर माझी गाडी भरूनही खाली बसेना. व्हॉल्व्हच्या हिशेबी ती मोकळीच. सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर, त्या तापल्या, त्यांनी ऑइल तापवलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत दाब पोचत नाही. पॅड कितीही बदला, हे थांबणार नव्हतं.

पाटा काढला, दांडीची सेटिंग पुस्तकाप्रमाणे करून घेतली. तेव्हापासून मागचे ड्रमही घाटाखाली चांगले गरम लागतात आणि पेडल वरच राहतं. पाटा वाढवल्याने पासिंगचं, म्हणजे आरटीओने मंजूर केलेलं, वजन वाढत नाही, हेही मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. आता पासिंगपेक्षा एक क्रेटही जास्त टाकत नाही.

स्टेअरिंगचं ऑगस्टमध्ये झालं. सरळगावच्या अलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागला. चार्जिंग गेलं असेल, मार्केटला पोचून बघू, म्हणून गाडी चालवत राहिलो. दोन मिनिटांत स्टेअरिंग जड झालं आणि ब्रेक दोनदा लागून तिसऱ्यांदा दगडासारखा कडक. माझ्या गाडीत अल्टरनेटर आणि स्टेअरिंग पंप एकाच बेल्टवर आहेत, आणि ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे. बेल्ट तुटला की तिन्ही एकदम जातात. नशीब की घाट मागे पडला होता. स्टेअरिंगच्या परतीच्या पाइपाची क्लिप ढिली होती, ऑइल थेंबथेंब बेल्टवर पडत होतं. आधीच्या सर्व्हिसला मी तो ओलावा दाखवला होता. “नवीन गाडीत थोडं पाझरतं,” असं उत्तर मिळालं होतं. ते उत्तर मला अजून सलतं, कारण हाच बेल्ट घाटात तुटला असता.

दोन्ही तक्रारी मी लेखी दिल्या आहेत, जॉब कार्डच्या प्रती जोडून. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या दोषाची तक्रार सरकारी पोर्टलवरही करता येते, आणि एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या तर कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. माझ्यासारखा पेडल खाली जाण्याचा अनुभव कुणाला आला असेल तर नुसते पॅड बदलून गप्प बसू नका, मागचे लायनर उघडून बघायला लावा. पाटा कंपनीने टाकलेला नसला तरी सर्व्हिसला आलेल्या गाडीची दांडी बघणं त्यांचंच काम आहे.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ पहिल्यांदा एकटा भरलेली गाडी घाटातून नेणार आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात नवा बेल्ट ठेवलाय. उद्या त्याला अंगणात बसवून दाखवणार आहे, इंजिन बंद असताना पेडल चार वेळा मारून कडक करायचं, पाय तसाच दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, आणि पायाखाली पेडल बोटभर खाली गेलं, म्हणजे बूस्टर चालू आहे, तरच गाडी फाटकाबाहेर काढायची.