'बाँडेड' म्हणून गळ्यात मारलेले बुश

जुन्या एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनसाठी 'व्ही-8 टाइप' बुश (सांध्यात बसणारी रबरी खोळ) घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. विक्रेत्याचं नाव देत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण असा माल विकणारा तो एकटा नसणार.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात बनत होती. साध्या एमजीबीच्या खालच्या विशबोनला (चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याला) रबराचे दोन-दोन अर्धे तुकडे बसवायचे. ते लवकर झिजतात. 1973 ते 1976 मध्ये आलेल्या तिच्याच जीटी व्ही-8 या प्रकारात त्याजागी आत पोलादी नळी असलेला अखंड बुश आला. तो साध्या एमजीबीलाही बसतो, गाडीला असे चारच लागतात, म्हणून बहुतेक लोक तोच घेतात. मीही तोच शोधत होतो.

या विक्रेत्यानं आधी मला 'जुना ओरिजिनल स्टॉक, सीलबंद' दाखवला. तो मी घेतला नाही. रबर डब्यात पडून पडूनही म्हातारं होतं. नैसर्गिक रबराचा साठवणीचा काळ मानकांनुसार वर्षांत मोजतात, दशकांत नाही. त्यावर गडी लगेच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, नवेच घ्या. बाँडेड आहेत, रबर नळीला व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे उष्णता देऊन कायमचं चिकटवलेलं." मी मेसेजवर पुन्हा विचारलं, तर त्याचंही उत्तर 'हो, बाँडेड'. बिलावर मात्र फक्त 'रबर बुश' एवढंच आलं.

बाँडेड असण्याला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. नट आवळला की आतली नळी पिव्हटवर (विशबोन ज्याभोवती हलतो त्या दांड्यावर) पक्की जखडते. विशबोन वर-खाली होतो तेव्हा काहीच घासत नाही, रबर स्वतः पिळलं जातं आणि परत सरळ होतं. हा सगळा खेळ रबर आणि नळी यांच्या जोडावर आहे. जोडच नसेल तर नळी रबराच्या आत फिरत राहते, रबर खरवडलं जातं आणि ढिलाई येते.

बुश बसवल्यावर तेच झालं. ब्रेक मारला की पुढून 'खट्' असा आवाज, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरत बसायचं. मेकॅनिकनं विशबोन उतरवला तेव्हा बुशच्या तोंडाशी काळी भुकटी जमली होती.

विक्रेत्याला कळवलं, तर चोराच्या उलट्या बोंबा. "चाकं लटकत असताना नट आवळलेत तुम्ही. रबर फाटणारच." आता गंमत अशी की हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. बाँडेड बुशचा शेवटचा पिळा गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर उभी असतानाच द्यायचा असतो, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं. ही चूक इतके लोक करतात की त्याचा हा बाण बहुतेक वेळा लागत असणार. आमच्याकडे चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवून नट आवळतानाचे फोटो होते. ते पाठवले. मग "ग्रीस लावलं असेल" आलं. पेट्रोलियमचं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं, हेही खरंच! आम्ही साबणाचं पाणी वापरलं होतं.

शेवटी एक बुश ब्लेडनं उभा चिरला. रबर नळीवरून केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. आत पोलाद स्वच्छ, चकचकीत, रबराचा कणही नाही. जोड खरा असेल तर रबर मध्येच फाटतं आणि नळीवर त्याचा थर राहतो. इथे नळी नुसती आत ढकललेली होती. चिरलेल्या बुशचा फोटो गेला आणि सूर बदलला: "बसवलेला माल परत घेत नाही. पण फरक भरा, लाल पॉली देतो. लाल म्हणजे रेसिंगचे, सगळ्यात कडक."

तीही थापच. पॉली म्हणजे पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक; त्याच्या रंगाचा आणि कडकपणाचा सगळ्या कंपन्यांना लागू असा काही नियम नाही. प्रत्येकाचे रंग वेगळे. कडकपणा शोअर ए (रबर-प्लास्टिकचा कडकपणा मोजायचं माप) आकड्यात विचारायचा. शिवाय पॉलीत नळी आत फिरणंच अपेक्षित असतं, त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की चिरचिर सुरू होते आणि रस्त्याचे हादरे जास्त जाणवतात. रोजच्या गाडीला मी तरी रबरच लावीन.

दुसरीकडून आणलेला सेट बसवण्याआधी तपासला. बुशच्या तोंडावर नळी आणि रबर दोन्हीवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ मारली, रबर व्हाइसमध्ये मऊ जबड्यांत धरलं, नळीतून बोल्ट घालून दोन्हीकडून नटांनी जखडला आणि पान्यानं थोडासा पिळला. सोडल्यावर रेघ पुन्हा एका ओळीत आली. उरलेल्या जुन्या बुशवर हेच केलं, तर रेघ तुटली ती तुटलीच. त्याचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला. पैसे आले नाहीत. त्याच्या जाहिरातीत आता 'बाँडेड'च्या जागी 'बाँडेडसारखे' एवढा बदल आहे, फोटो तोच.