प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटच्या मशीनवर 40 डॉलर गेले, त्याचा रिव्ह्यू

आई-बाबा नाशिकहून आले होते म्हणून मे महिन्यात लास व्हेगासला गेलो. स्ट्रिपवरच्या (तिथला कसिनोंचा मुख्य रस्ता) एका कसिनोत (नाव नाही लिहीत) शिरल्या शिरल्या बाबांची नजर गेली ती स्लॉट मशीनच्या (पैसे घालून चाकं फिरवायचं जुगाराचं मशीन) डोक्यावर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे, 8 लाख डॉलरच्या वर काहीतरी आणि शेवटचे आकडे सतत पुढे सरकतायत. हाच प्रोग्रेसिव्ह जॅकपॉट, म्हणजे कुणाला लागेपर्यंत वाढत जाणारं मोठं बक्षीस. म्हणाले एकदा बसूनच बघतो. म्हटलं बसा.

मशीन वापरायला सोपं आहे, खुर्ची छान आहे, नोट सरकवायची आणि बटण दाबायचं. एका खेळीला 3 डॉलर. कमी लावले तरी रीळं (चिन्हं असलेली चाकं) फिरतात पण जॅकपॉट मिळतो तो पूर्ण 3 लावले तरच, आणि हे इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की बाबांना चष्मा लावूनही वाचता येईना. हे मला अजिबात पटलं नाही.

20 ची नोट म्हणजे 6 खेळी, मिनिटभरात संपल्या. चौथ्या खेळीला जॅकपॉटची दोन चिन्हं जिंकायच्या रेषेवर आली आणि तिसरं एक घर वर थांबलं. "अगं थोडक्यात हुकलं!" म्हणून बाबांनी लगेच दुसरी नोट काढली. आई पण म्हणाली, इतके दिवस लागला नाहीये म्हणजे आता जवळ आला असणार.

खरं सांगू, थोडक्यात वगैरे काही हुकत नाही. बटण दाबलं त्या क्षणी आतली चिप आकडा काढते, निकाल तिथेच लागतो, रीळ नंतर त्या जागी आणून थांबवतात. इंगे टेलनेस यांना 1984 मध्ये याचंच पेटंट मिळालं. डोळ्याला रीळावर वीस-बावीस घरं दिसतात पण चिपमध्ये ती शेकडो करता येतात, मग जॅकपॉटच्या चिन्हाला एखादाच आकडा द्यायचा आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या घरांना भरपूर, म्हणून ते चिन्ह सारखं रेषेच्या वर-खाली दिसत राहतं. आणि चिपला मागचं काही आठवत नाही, काल लागलेला असो की 2 वर्षांपूर्वी, प्रत्येक खेळीला चान्स तेवढाच.

चान्स किती, तर नेवाडा राज्यातल्या मेगाबक्स नावाच्या जॅकपॉटचं उदाहरण घ्या, 1986 पासून आहे. राज्यभरातली मशीनं एकमेकांना जोडलेली, प्रत्येक खेळीतला थोडा वाटा एकाच मीटरमध्ये, म्हणजे डोक्यावर पळणाऱ्या बक्षिसाच्या आकड्यात, जातो आणि मीटर सुरूच होतो 1 कोटी डॉलरपासून. याचे ऑड्स (लागायची शक्यता) 4,98,36,032 मध्ये 1 असे सांगतात, म्हणजे तीन रीळं आणि प्रत्येकाची चिपमधली 368 घरं धरून 368 गुणिले 368 गुणिले 368. तासाला 600 खेळी धरल्या तर तेवढ्या खेळायला रात्रंदिवस न उठता साडेनऊ वर्षं लागतील, आणि तरी लागेलच असं नाही. मीटर 1 कोटीवर असताना 3 डॉलरच्या खेळीत जॅकपॉटच्या वाट्याचे सरासरी फक्त 20 सेंट परत येतात. लोकांना लागतो, नाही असं नाही, मार्च 2003 मध्ये एक्सकॅलिबर कसिनोत 25 वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनियरला जवळपास 3 कोटी 97 लाख डॉलर लागले होते, पण त्याच्या आधी बसलेल्यांनी घातलेले पैसेच त्या मीटरमध्ये साठलेले होते ना.

गोव्यात मांडवीतल्या बोटींवर स्लॉट मशीन खेळणार असाल तरी चिपचं गणित हेच धरून चला.

माझ्याकडून 5 पैकी 1.

शेवटी 1 डॉलर उरला, त्याची चिठ्ठी मशीनमधून बाहेर आली. परत येताना गाडीत बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मग आधी का नाही सांगितलंस. म्हणून इथे लिहितेय.